वस्तादांची मूठ

“अहो, एकशे दहा किलोचा गडी आहे तो. थोडे दिवस उपाशी राहिला तर काय झिजणार आहे त्याचं?”

आमचे मोठे सर राउंड संपवून लिफ्टकडे निघाले होते आणि मी त्यांच्या मागून जवळजवळ पळत होते. सर पोटाचे सर्जन. सांगलीतल्या ज्या हॉस्पिटलात मी डाएटिशियन आहे, तिथं त्यांचा शब्द शेवटचा. माझा शब्द कितवा, ते अजून ठरलेलं नाही. डाएटिशियन म्हणजे शुगरच्या पेशंटला ‘भात कमी खा’ सांगणारी बाई, अशीच बहुतेकांची समजूत असते. सरांची तेवढी नाही, पण त्या बाजूला झुकणारी.

“सर, झिजतंय,” मी म्हणाले. “वरून दिसत नाही, एवढंच.”

“मग दाखवा.”

लिफ्टचं दार बंद झालं. मी जिन्यानं खाली आले, कारण राग आला की मला लिफ्टमध्ये उभं राहवत नाही.

पेशंट होते एक वस्ताद. वय पन्नाशीच्या पुढं. तरुणपणी मिलिटरीत होते, तिथं पलटणीकडून कुस्त्या मारल्या. रिटायर झाल्यावर वाळव्याकडच्या आपल्या गावात तालीम काढली. ते ॲडमिट झाले तसा आमचा दुसरा मजला पैलवानांनी भरून गेला. कान मोडलेले, माना खांद्यात घुसलेल्या, पण वागायला एकदम गरीब. सिस्टर ओरडली की सगळे भिंतीला चिकटून उभे राहायचे. वॉचमननं पहिल्या दिवशी एकाला पास विचारला आणि त्या गड्यानं मान वळवून नुसतं बघितल्यावर पुन्हा कुणालाच विचारला नाही.

आजार होता अक्यूट पॅन्क्रिएटायटिस. म्हणजे स्वादुपिंडाला अचानक आलेली सूज. स्वादुपिंड पोटाच्या मागं आडवं पडलेलं असतं आणि अन्न पचवायचे रस तयार करतं. वस्तादांच्या पित्ताशयात खडे होते. त्यातला एक घरंगळला आणि नळीच्या तोंडाशी जाऊन बसला. रस बाहेर पडायची वाटच बंद. मग ते रस आतल्या आत स्वादुपिंडालाच पचवायला लागतात. दुखणं असं, की दोनदोन माणसांना अंगावर घेणारा गडी कॉटवर गुडघे पोटाशी घेऊन रडत होता. खडा पुढं आपसूक सरकून गेला, पण करायचं ते नुकसान करून गेला.

त्यातच गावात बोभाटा झाला. स्वादुपिंड सुजलं म्हणजे दारू, हे आपल्याकडं लोकांनी ठरवूनच टाकलंय. वस्तादांची बायको, म्हणजे पैलवानांच्या काकी, मला पहिल्या भेटीतच म्हणाल्या, “आवं मॅडम, तेवढं चार माणसांत सांगा की. ह्या माणसानं थेंब कवा तोंडाला लावला न्हाई. दूध पिऊन बदनाम झालाय बगा.” मी कॉरिडॉरमध्ये उभी राहून मोठ्यानं सांगितलं, खडा आहे, खडा. काकींच्या चेहऱ्यावर जरा रंग आला.

आता मुद्दा जेवणाचा. पूर्वी ह्या आजारात पेशंटला कडक उपास घडवायचे. तोंडानं काही गेलं की स्वादुपिंड कामाला लागेल, म्हणून त्याला विश्रांती. वॉर्डात आम्ही त्याला एनबीएम म्हणतो. तोंडानं काही नाही. ऐकायला पटतं. पण पुढं लक्षात आलं, की उपासानं आतडं बिघडतं. रोजच्या पायवाटेवर माणूस चालला नाही की तिथं गवत माजतं, तसं. आतड्याची भिंत कमजोर होते आणि आतले जंतू बाहेर पडायला वाटा शोधतात. आणि सुजलेल्या स्वादुपिंडात जंतू शिरले, तर माणूस हातचा जातो. असे गेलेले मी बघितलेत. त्यामुळं आता जमेल तितक्या लवकर पोटात काहीतरी घालायचं, असं मानतात. सरांनाही हे ठाऊक होतं. पण ठाऊक असणं वेगळं आणि सुजलेल्या पोटाच्या माणसाला अन्न द्या म्हणून सही करणं वेगळं.

वस्तादांना तोंडानं मऊ भात देऊन बघितला होता. दोन घास गेले आणि तिप्पट बाहेर आलं. त्यानंतर सर हात आखडून बसले होते. माझं म्हणणं, एनजे घालू. एनजे म्हणजे बारीक नळी. नाकातून जाते, जठर ओलांडते आणि लहान आतड्यात उतरते. अन्न थेट तिथं थेंबथेंब सोडायचं. स्वादुपिंडाला फारसा त्रास नाही आणि आतडंही कामाला लागतं.

तर सर म्हणाले होते, दाखवा. माझ्या कपाटात एक ग्रिप मशीन आहे. हातात धरायचा दांडा आणि वर काटा. जोर लावून मूठ आवळायची, की किती ताकद आहे ते काटा सांगतो. पोटात अन्न जात नाही तेव्हा शरीर स्वतःचे स्नायू मोडून खायला लागतं. वजनकाट्याला ते कळत नाही, कारण सूज आणि सलाइनचं पाणी वजन धरून ठेवतं. मुठीला मात्र लगेच कळतं.

ओपीडी संपल्यावर मी सरांना वस्तादांच्या कॉटपाशी घेऊन गेले. पाठोपाठ अख्खी तालीम आली. पुढं तानाजी. हा वस्तादांचा सगळ्यात जुना पठ्ठ्या. चाळिशीचा, आता कुस्ती सोडलेली, गावात दूध संकलन केंद्र चालवतो. पण वस्तादांसमोर अजून हात मागं बांधून उभा राहतो.

“वस्ताद, हे जरा दाबा,” मी म्हणाले.

“कुठं दाबायचं?” त्यांनी दांडा हातात घेतला. वस्तादांची मूठ म्हणजे त्या भागात दंतकथा होती. मनगट धरलं की समोरचा गडी कुस्ती तिथंच हरायचा, असं म्हणायचे. त्यांनी ओठ आवळून जोर लावला. काटा जरासा हलला, थरथरला आणि बसला. लाटणं फिरवून तयार झालेली माझी मूठ काटा त्याच्यापेक्षा पुढं नेते.



“मशीन बिघडलंय, मॅडम,” तानाजी म्हणाला. त्यानं ते वस्तादांच्या हातातून काढून घेतलं आणि आवळलं. काटा पार टोकाला जाऊन अडकला. तो त्या काट्याकडे बघत राहिला. “मशीन बरं हाय,” असं पुटपुटून त्यानं ते मला परत दिलं.

वस्तादांनी हात हळूच चादरीखाली घेतला.

सरांनी एकदा काट्याकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. “घाला नळी,” ते म्हणाले. “पण काही बिघडलं, तर मला तुमच्या बाजूनं बोलायला सांगू नका.”

मी खुशीत होते. सरांशी वाद जिंकणं ही आमच्याकडं रोज घडणारी गोष्ट नाही. त्या खुशीत वस्तादांचा चादरीखाली गेलेला हात मी बघितला आणि विसरले. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. मी ती सगळ्या तालमीसमोर उघडून ठेवली होती.

एंडोस्कोपीवाले डॉक्टर आमच्याकडं बाहेरून येतात, ठरलेल्या वारीच. त्यांनी नळी घातली. आमचं फीड सुरू झालं. फीड म्हणजे डब्यातली पावडर आणि पाणी. त्यात प्रोटीन, साखर, थोडी चरबी, सगळं आधीच बारीक तोडून ठेवलेलं असतं, म्हणजे आतड्याला फार कष्ट पडत नाहीत. कॉटशेजारचा पंप ते अगदी सावकाश सोडतो. दिसायला पातळ दुधासारखं, वास व्हॅनिलाचा. पैलवान त्या पिशवीखाली उभे राहून एकमेकांकडे बघायचे. एकानं मला विचारलं, “मॅडम, एवढ्या मोठ्या गड्याला हे एवढंच?” मी म्हटलं, हळूहळू वाढवू. तो ‘बरं’ म्हणाला, पण त्याचं ‘बरं’ काही खरं नव्हतं.

पोट शांत राहिलं. आम्ही फीडचा वेग वाढवला. वस्ताद उशीला टेकून बसायला लागले. मी सरांसमोरून जाताना उगाचच चालीत जरा ऐट आणत होते.

आणि एका सकाळी रेश्मा सिस्टरचा फोन. “मॅडम, लवकर या. पंप नुसता बोंबलतोय. नळी तुंबलीय. आणि वस्तादांचं पोट फुगलंय, कळा येतात, सकाळपासून जुलाब.”

मी पोचले तेव्हा सर आधीच तिथं होते. वस्तादांच्या पोटावर त्यांचा हात होता आणि चेहरा असा, की मी दारातच थांबले.

“बघा. चाळवलं ना स्वादुपिंड,” ते म्हणाले. “फीड बंद. रक्त पाठवा. पुन्हा एनबीएम. नळी तुंबलीच आहे, तर काढूनच टाका. टीपीएन लावू.”

टीपीएन म्हणजे शिरेतून जेवण. गळ्याजवळच्या मोठ्या शिरेत सुई घालून अन्न थेट रक्तात सोडायचं. कुणाकुणाचा जीव त्यानं वाचतो, त्याला नावं ठेवायची नाहीत. पण त्यात जंतू शिरायचा धोका मोठा, आणि आतडं पुन्हा रिकामं ते रिकामंच. वस्तादांच्या स्वादुपिंडाचा एक तुकडा आधीच मेलेला होता. तिथं जंतू पोचायला नको होते, एवढ्यासाठी तर हा सगळा खटाटोप. आणि नळी काढली, की एंडोस्कोपीवाले पुन्हा येईपर्यंत दुसरी घालता येणार नव्हती. मला खरंच भीती वाटली. वाद हरल्याची नाही. काकींना मीच सांगितलं होतं, की आता काळजी करू नका.

“सर, संध्याकाळपर्यंत थांबता?” मी विचारलं. “नळी उघडली नाही, तर तुम्ही म्हणाल ते.”

“संध्याकाळपर्यंत. फीड बंद ठेवून,” सर म्हणाले आणि ऑपरेशनला गेले.

रेश्मानं कोमट पाणी आणलं. नळीला बाजूनं एक तोंड असतं. दर काही वेळानं त्यातून सिरिंजनं पाणी सोडून नळी धुवायची असते, त्याला फ्लश म्हणतात. मी सिरिंज लावली, दाबली. ढिम्म. मग दट्ट्या मागं ओढला. नळीच्या तोंडाशी अडकलेलं थोडंसं सिरिंजमध्ये आलं. पिवळट, रवाळ, आणि वर तेलकट तवंग.

मी वास घेतला. व्हॅनिला नव्हता. वेलदोडा होता, बडीशेप होती, आणि त्यामागं बदाम.

“रेश्मा, सिस्टर लोकांनी ह्यात काही घातलं?”

“आमी कशाला घालू मॅडम! आमाला काय तेवढंच काम हाय?”

मी कॉरिडॉरमध्ये आले. पैलवान ओळीनं उभे राहिले. “नळीत कुणी काय घातलं?” मी विचारलं. सगळ्यांनी माना हलवल्या. न्हाई मॅडम, न्हाई बा. तानाजी छताच्या पंख्याकडे बघत होता. पंखा बंद होता. मी पुन्हा विचारलं, आवाज चढवून विचारलं. उत्तर तेच. इतके मोठे मोठे गडी एकदम मराठी शाळेच्या वर्गासारखे गप्प झाले की माणसानं काय करायचं?

मग मी सरळ वस्तादांकडे गेले. त्यांच्या पोटात कळ येऊन गेली होती, घाम आला होता. मी सिरिंज त्यांच्या नाकाजवळ धरली.

“वस्ताद, हे तुमच्या नळीतून निघालंय. काय आहे आणि किती घातलंय, हे कळलं नाही, तर सर तुमचं फीड कायमचं बंद करतील. बाहेर कुणी बोलत नाही.”

त्यांनी डोळे मिटून वास घेतला. “थंडाई हाय,” ते म्हणाले. “तान्याला बोलवा.”

“तानाजीच कशावरून?”

“बडीशेप बगा किती झालीया. वीस वर्सं सांगतोय, त्याचा हात काय आवरंना.”

तानाजी आला. हात मागं बांधलेले. वस्तादांनी नुसतं “तान्या” म्हटलं, आणि तो चाळिशीचा बाप्या लहान पोरासारखा रडायला लागला.

“म्या घातली वस्ताद. तुमची मूठ चालंना... त्या मशीनवर बगितलं, तवापास्नं घास उतरंना बगा. तालमीत तुमची थंडाई आमी पाळीपाळीनं घोटायचो. हितं नुसतं बाकड्यावर बसून काय करायचं? आन मॅडम देत्यात त्या पांढऱ्या पान्यात हाय काय? म्हणलं, बदाम गेलं तर अंगाला लागंल. सिस्टरची ड्युटी बदलत हुती, तवा सोडली. वस्त्रगाळ क्येलती, दोनदा. खडा न्हाई ऱ्हाऊ दिला.”

“दुधातली?” मी विचारलं.

“म्हशीच्या.”

“आणि तूप?”

त्यानं खाली बघितलं. मग म्हणाला, “वाईच.”

“वाईच म्हणजे किती?”

त्यानं ओंजळीसारखा हात करून दाखवला. पैलवानाचं वाईच.

मला हसावं की त्याच्या एक ठेवून द्यावी, कळेना. त्या माणसानं ज्या प्रेमानं बदाम घोटले असतील, त्याच प्रेमानं त्यानं वस्तादांना जवळजवळ टीपीएनवर पोचवलं होतं. मी तोंड उघडणार, तोवर वस्तादच बोलले. आवाज बारीक, मधूनमधून कळ येत होती.

“गुडघा मोडल्याला गडी तालमीत आला, तर त्येला पैल्या दिशी मैदानात सोडशील व्हय रं?”

“न्हाई.”

“मग?”

“हलकी म्हेनत. आदी नुसतं चालणं.”

“माज्या प्वाटाची हलकी म्हेनत चाललीया ही. मॅडम हितं वस्ताद हायत. तू न्हाईस.”

मी इतके दिवस आतडं, स्वादुपिंड, नळी असं सगळं चित्र काढून समजावलं होतं. तानाजीला ते आत्ता समजलं.

मी ऑपरेशन थिएटरच्या दारात जाऊन उभी राहिले. सर बाहेर आल्या आल्या त्यांना सांगितलं. त्यांनी मास्क खाली केला.

“म्हशीच्या दुधातली?”

“हो.”

“तूपही?”

“वाईच.”

सरांच्या ओठाचा एक कोपरा हलला, पण त्यांनी तो आवरला. “म्हणजे आतड्यात थेट तूप आणि बदाम. पोट फुगणारच, जुलाब होणारच. रक्ताचे रिपोर्ट फार बिघडलेले नाहीत, ते आत्ताच बघितलं मी. पण नळी उघडली नाही, तर मला पर्याय नाही.”

“एक गोळी वापरू का?”

“वापरा.”

ह्या गोळीची गंमत अशी, की तिच्यात स्वादुपिंडाचेच पाचक रस असतात. ती सोड्याच्या पाण्यात विरघळवायची आणि तुंबलेल्या नळीत सोडून वाट बघायची. आत साकळलेलं दूधबिध ती पचवते. म्हणजे वस्तादांचं स्वतःचं स्वादुपिंड आजारी, आणि त्यांच्या नळीतली थंडाई पचवायला गोळीतून उसनं आणलेलं. मी सोडली. नळी मिटून ठेवली. वाट बघितली. मग सिरिंज लावून थोडं आत, थोडं बाहेर, पुन्हा आत, पुन्हा बाहेर. जोर करायचा नसतो, नळी फाटते.

“द्या मला मॅडम,” तानाजी मागून म्हणाला, “एका दमात काडतो.”

“तुम्ही दोन पावलं मागं व्हा आधी!”

तो चार पावलं मागं झाला. दारात सगळे पैलवान उभे होते. माझा अंगठा दुखायला लागला होता. पहिली गोळी वाया गेली. दुसरी सोडली. काकींनी डोळे मिटून घेतले होते आणि त्यांचे ओठ हलत होते. रेश्मा म्हणाली, “मॅडम, राहू द्या आता.” मी म्हटलं, “अजून एकदा.” आणि त्या एकदाला दट्ट्या हाताखाली हलला. आधी जरासा, मग सरळ. पाणी आत गेलं.

“उतरलं?” काकींनी विचारलं.

“उतरलं.”

बाहेर शिट्टी वाजली. दुसऱ्या मजल्यावर, सायलेन्सच्या पाटीखाली. रेश्मा धावली आणि सगळे पुन्हा भिंतीला चिकटले. मी खाली वाकून उगाच नळीची चिकटपट्टी नीट करत बसले, कारण माझे डोळे भरून आले होते आणि मला ते तालमीला दाखवायचे नव्हते.

सरांनी पोट पुन्हा तपासलं आणि रात्रभर वाट बघायला सांगितलं. कळा थांबल्या, फुगवटा उतरला, तसं फीड पुन्हा सुरू केलं, अगदी पहिल्या वेगानं. माझी इतक्या दिवसांची कमाई वाईच तुपात बुडाली होती. पण चूल विझली नव्हती.

दुसऱ्या दिवशी मी पैलवानांना गोळा केलं आणि कामं वाटली. रिकाम्या हातांची मला आता भीती बसली होती. एकानं कॉटचं डोकं सदा वर आहे ना ते बघायचं. दोघांनी वस्तादांना कॉरिडॉरमधून चालवायचं. एकानं पंपावर नजर ठेवायची आणि तो ओरडला तर सिस्टरला हाक मारायची, स्वतः बोटही लावायचं नाही. त्यांनी लगेच पाळ्या लावल्या. चालवायच्या पाळीसाठी तर भांडणं व्हायला लागली.

तानाजीसाठी मी वेगळं काम राखून ठेवलं होतं. कळा गेल्यावर वस्तादांना तोंडानं सुरू करायचं ठरलं. मऊ भात, फोडणीशिवाय वरण, आणि ताक. पण ताक बिनचरबीचं पाहिजे.

“तुमच्या केंद्रावर दुधाचं फॅट मोजायचं मशीन आहे ना?” मी विचारलं.

“हाय की.”

“मग मला सगळ्यात कमी फॅटच्या दुधाचं ताक करून आणायचं. मोजून. माझ्यासमोर सांगायचं किती आलं.”

तो माझ्याकडे बघतच राहिला. दूधवाल्याला फॅट कमी आलं की लोक शिव्या देतात, दर पडतो. त्याचं सगळं आयुष्य फॅट वाढवण्यात गेलं होतं. पण तो गेला आणि यंत्रातून दोनदा मलई काढलेल्या दुधाचं ताक घेऊन आला. किटलीचं झाकण काढून म्हणाला, “मॅडम, मशीन फॅट दावीनाच झालंय. जल्मात पयल्यांदा फॅट न्हाई म्हणून आनंद झाला बगा.” मी ताकाची चव घेतली. नुसतं आंबट पाणी होतं. इतकं चांगलं ताक मी कधी प्यायले नव्हते.

वस्तादांच्या पोटात ते राहिलं. भातही राहिला. नळी निघाली. सर राउंडला आले की आता मला विचारायला लागले, “आज काय देताय?” आभार वगैरे मानायची सरांची पद्धत नाही. हे विचारणं म्हणजेच ते.

घरी सोडायच्या दिवशी मी ग्रिप मशीन घेऊन गेले. ह्या वेळी मात्र दार लावून घेतलं. आत फक्त वस्ताद, काकी आणि मी.

“तान्याला बोलवा आत,” वस्ताद म्हणाले.

“कशाला? आपण तिघंच बघू.”

“बोलवा. त्यानं बगितलंय खाली पडताना. उठताना बी बगू द्या.”

तानाजी आत येऊन हात मागं बांधून उभा राहिला. वस्तादांनी दांडा घेतला, पाय जमिनीवर नीट टेकवले आणि आवळला. मनगटाच्या शिरा वर आल्या. काटा चढला. जुनी ताकद नव्हती ती, पण मागच्या वेळची लाजही नव्हती. बऱ्यापैकी तगड्या माणसाची मूठ होती. काकींनी पदर तोंडाला लावला.

“आता तू दाब,” वस्तादांनी मशीन तानाजीच्या हातात दिलं.

तानाजीनं दाबलं. काटा चढला आणि वस्तादांच्या आकड्याच्या जरासा खाली येऊन थांबला. मी त्याच्या हाताकडे बघितलं. एक शीर हलली नव्हती.

“आवं, तुमचाच जास्त हाय की,” तानाजी म्हणाला.

वस्तादांनी त्याच्याकडे रोखून बघितलं. पुढं वाकून त्याच्या दंडाला बोट लावलं. दंड मऊ.

“तान्या,” ते म्हणाले, “नुरा कुस्ती मारतोस व्हय रं? आन ती बी माज्यासंगं?”

नुरा कुस्ती म्हणजे आधी ठरवून हरायची कुस्ती. तालमीत ह्याच्याइतकी मोठी शिवी नाही. तानाजीची मान खाली गेली. आणि वस्ताद हसायला लागले. पोटाला हात धरून, ‘आई गं’ म्हणत हसत होते. इतक्या दिवसांत पहिल्यांदा मी त्यांना हसताना बघितलं. “नीट दाब गाढवा,” ते म्हणाले. तानाजीनं दाबलं, काटा टोकाला जाऊन अडकला, आणि ह्या वेळी वस्तादांनीच त्याच्या पाठीवर थाप मारली.

पुढं सूज पुरती उतरल्यावर सरांनी त्यांचं पित्ताशय काढलं. खडे काकींनी बाटलीत घालून गावाकडं नेले. दारू दारू म्हणणाऱ्यांना दाखवायला.

माझ्या कपाटातलं ते मशीन तानाजीनं आवळल्यापासून सारखं जास्तच दाखवतं. दुरुस्तीला टाकायला हवं, पण मी टाकलेलं नाही. नव्या मुली इंटर्नशिपला येतात, त्यांना मी फीड, कॅलरी, प्रोटीन सगळं शिकवते. आणि एक गोष्ट पुस्तकात नसलेली. पेशंटच्या तोंडात काय जातंय ते बघाच. पण त्याआधी बाहेर बाकड्यावर बसलेल्या माणसाच्या हाताला काहीतरी काम द्या. नाहीतर तो घरी जाऊन बदाम घोटतो.